तीन मुठी सिनेमा

वांग्याच्या भरताच्या पंगतीत माणसानं तोंड फक्त खाण्यासाठी उघडावं. योगराज भारंबे यांनी ते बोलण्यासाठी उघडलं, आणि पुढचे पाच आठवडे जळगावात त्यांच्या घरात, मग गल्लीत आणि शेवटी धुळ्यात जे काही झालं, त्याला त्यांच्या त्या एका वाक्याशिवाय दुसरं कुणीही जबाबदार नाही. मी आधीच सांगून ठेवतो, कारण योगराजभाऊ स्वतः अजूनही वांग्यांना दोष देतात.

झालं असं, की त्यांच्या पुनमचं धुळ्याच्या स्वप्नीलशी जमलं. कुंकू लागलं, साखर वाटली, आणि आता दोन्ही घरांनी एकमेकांना जरा निवांत पाहावं म्हणून फैजपूरजवळ व्याह्यांच्या भावाच्या मळ्यात डिसेंबरातल्या एका रविवारी भरीत-पुरीचा बेत ठरला. केळीच्या बागेत सतरंज्या, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, कांद्याची पात, वर कच्चं तेल. सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. तेवढ्यात व्याह्यांकडच्या एका पाहुण्यानं पुरी मोडता मोडता विचारलं, "ग्रेडर होते म्हणजे नेमकं काय करायचे हो तुम्ही? कापसात हात घालायचे, एवढंच ना?"

एवढंच! एकतीस वर्षं कापूस खरेदी केंद्रावर ज्या हातानं हजारो गाड्यांचा निकाल लावला, त्या हाताला हा माणूस 'एवढंच' म्हणतो. योगराजभाऊंचा घास तिथेच थांबला. आणि त्याच घटकेला होणारे व्याही, निवृत्त प्राध्यापक प्रेमराज सरोदे, त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "आमच्या धुळ्यात आम्ही एक छोटं चित्रपट मंडळ चालवतो. देशात सर्वोत्कृष्ट म्हणून ज्या-ज्या सिनेमाला सगळ्यात मोठा पुरस्कार मिळाला, ते एकेक करून दाखवतो. आपल्याला आवड आहे का सिनेमाची?"

"पुरस्कारवाले ना?" योगराजभाऊ म्हणाले. "सगळे पाहिलेत. आणि नुसते पाहिले नाहीत सर, प्रत्येकाला ग्रेड लावलीय."

कमलबाईंनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीनं, ताटावरून मान वर केली आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर त्यानं तिथेच शब्द मागे घेतला असता.

"सगळे? सत्तरच्या वर आहेत हो ते!" प्रेमराज सरांचे डोळे चमकले. "अहो, मग आम्ही कुठे शोधत बसलोय वक्ता! जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी आमच्याकडे या. तुमचं परीक्षण ऐकू, एक सिनेमा दाखवू, चर्चा करू. नाही म्हणू नका."

नाही म्हणायचं कसं? मुलीच्या सासऱ्याला पहिल्याच पंगतीत 'मी थाप मारली' म्हणून सांगायचं? पुनमनं त्या घरात थापाड्याची मुलगी म्हणून पाऊल टाकायचं? योगराजभाऊ "येतो की" म्हणाले आणि त्यांनी आणखी दोन पुऱ्या घेतल्या, ज्या त्यांना मुळीच नको होत्या.

परतीच्या गाडीत कमलबाईंनी फैजपूर मागे पडू दिलं. मग म्हणाल्या, "आपण थेटरात शेवटचा सिनेमा पाहिला तेव्हा पुनम पोटात होती. तोही मध्यंतरापर्यंत. तुम्हाला झोप आली म्हणून उठून आलो."

"त्याला पुरस्कार नव्हता," योगराजभाऊ म्हणाले.

आता ग्रेडर म्हणजे काय, हे त्या पाहुण्याला नाही कळलं तरी तुम्हाला कळायला हवं. शेतकऱ्याची गाडी येते. ग्रेडर जवळ जातो, कापसात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर बाहेर काढतो. अंगठ्यानं धागा ओढून लांबी पाहतो, तळव्यात दाबून ओलावा, फुंकर मारून कचरा. अर्ध्या मिनिटात निकाल: सुपर, मध्यम, नाहीतर कवडी. कवडी म्हणजे पिवळा, किडका, पडेल भावाचा माल. ग्रेडरनं एकदा तोंडातून काढलं, की मग शेतकरी हात जोडो की पुढाऱ्याचा फोन येवो. योगराज ग्रेडरचा शब्द एकतीस वर्षांत एकदाही फिरला नव्हता, आणि हे ते लग्नपत्रिका द्यायला आलेल्या माणसालाही सांगत.

या शब्दाचं एक जिवंत स्मारक होतं, त्याचं नाव भाईदास. अमळनेरकडचा शेतकरी. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी त्याची गाडी केंद्राबाहेर रांगेत मुक्काम करून सकाळी पुढे आली, भाऊंनी वरची मूठ घेतली आणि 'कवडी' म्हणून मोकळे झाले. भाईदास म्हणाला, खालून पाहा. मागे दीडशे गाड्या, वर ऊन. भाऊ म्हणाले, शब्द म्हणजे शब्द. तेव्हापासून भाईदास कुठल्याही लग्नात, बाजारात, दहाव्यालासुद्धा भेटला की आधी "राम राम भाऊ" म्हणायचा आणि मग अगदी गोड आवाजात, "ती गाडी सुपर व्हती बरं!" भांडण नाही, शिवी नाही. भाऊंना त्याचा फार त्रास व्हायचा.

असो. मुद्दा सिनेमाचा.

योगराजभाऊंनी दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या एका सरकारी खात्याला पत्र लिहिलं, की सदर पुरस्कारप्राप्त चित्रपट परीक्षणार्थ मिळावेत. आठ दिवसांनी तीन प्रतींत भरायचा अर्ज आला. त्यात 'प्रयोजन' असा रकाना होता. भाऊंनी तिन्ही प्रतींत स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'ग्रेडिंग'. त्यावर उलट टपाली विचारणा आली: 'कोणत्या मालाचे, ते नमूद करावे व बाजार समितीचा दाखला जोडावा.' भाऊंनी ते पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि शेजारच्या अमीनभाईंकडे गेले.

अमीनभाई म्हणजे तीस वर्षं धुळ्याच्या एका टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवलेला माणूस. टॉकीज पडलं, अमीनभाई जळगावला मुलाकडे आले, पण त्यांचा जीव अजून प्रोजेक्टरच्या त्या खिडकीत होता. त्यांच्याकडे लोखंडी पेटीभर जुन्या डीव्हीडी होत्या, उरलेले सिनेमे मोबाइलवर कुठे सापडतात तेही त्यांना ठाऊक होतं. चार दिवसांत यादीतले बहात्तर सिनेमे गोळा झाले.

"रोज चार बघा," अमीनभाई म्हणाले. "आरामात. चहा घेत."

"रोज चार म्हणजे रोजचे दहा तास," योगराजभाऊ म्हणाले. "लग्नाची खरेदी कोण करणार? मंगल कार्यालय कोण पाहणार? अमीनभाई, मी एकतीस वर्षं गाड्या पाहिल्या. अख्खी गाडी उपसून कुणी कापूस पाहतं का?"

"मतलब?"

"तीन मुठी. वरून एक, मधून एक, तळातून एक. मूठ पाच मिनिटांची. शेतकरी कितीही हुशार असला तरी तिन्ही ठिकाणी चांगला माल लावू शकत नाही. दिग्दर्शकाचंही तेच."

अमीनभाईंनी हातातली डीव्हीडी छातीशी धरली. "भाऊ, ये गुनाह है," ते म्हणाले. "मी तीस वर्षांत एकदाच एक रीळ उडवली. मालकानं सांगितलं, शेवटची एस.टी. चुकते लोकांची. एक म्हातारा बाहेर आला आणि मला विचारू लागला, अमीन, त्या पोरीचं पुढं काय झालं? मला नाही सांगता आलं भाऊ. आजही तो म्हातारा स्वप्नात येतो."

पण योगराजभाऊंचा निर्णय झाला होता. कपाटातून जुनी लांबट वही निघाली. रकाने तयारच होते: अनुक्रमांक, ओलावा, कचरा, धाग्याची लांबी, रंग, ग्रेड. ओलावा म्हणजे रडारड. कचरा म्हणजे गाणी. धागा म्हणजे गोष्ट. दिवसाला पाच सिनेमे, सकाळी अंघोळीनंतर, हातात रिमोट घेऊन. भाऊ पुढे पळवत, थांबवत, पाच मिनिटं पाहत, पुन्हा पळवत, आणि पंधरा मिनिटं झाली की खट्‌कन बंद करून ग्रेड लिहीत.

नोंदी मोठ्या वाचनीय होत्या. 'क्रमांक सात. तिन्ही मुठींत एकच इसम खिडकीत उभा. माल एकसारखा, पण शिळा. मध्यम.' 'क्रमांक एकोणीस. वरच्या मुठीत लग्न, मधल्या मुठीत भांडण, तळाला पुन्हा लग्न. भेसळ.' 'क्रमांक तेवीस. पहिल्या मुठीत अंधार. दुसऱ्या मुठीत अंधार. तिसरी घेतली नाही.'

गल्लीला सुगावा लागायला वेळ लागला नाही. शाळेतून निवृत्त झालेले नवल सर मुद्दाम येऊन बसले आणि म्हणाले, "योगराज, तू पाहा किंवा नको पाहू. तीन वाक्यं पाठ कर, कुठल्याही पुरस्कारवाल्या सिनेमाला चालतात. एक: इथे दिग्दर्शक काहीच सांगत नाही आणि म्हणूनच सगळं सांगतो. दोन: ही खरं तर त्या घराचीच गोष्ट आहे. तीन: शेवटाकडे आपण आपल्यालाच भेटतो." भाऊंनी ती वाक्यं वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली. कुणी म्हणालं दाढी वाढवा. कुणी म्हणालं खादीचा झब्बा तरी घ्याच, परीक्षक बुशशर्टात शोभत नाही. दाढी तीन दिवसांत खाजू लागली म्हणून काढावी लागली. झब्बा मात्र आला, आणि तो इतका लांब होता की पुनमला दोनदा हसू आवरेना म्हणून आत जावं लागलं.

या सगळ्यात एक गोष्ट योगराजभाऊंच्या लक्षात उशिरा आली. ते सकाळी ग्रेड लावून बाहेर पडले, की दुपारी त्याच खोलीत दुसरा खेळ सुरू व्हायचा. कमलबाई गहू निवडायला घेऊन बसायच्या, अमीनभाईंच्या सलीमाभाभी विणकाम घेऊन यायच्या, समोरच्या धुरपदाबाई फक्त त्यांचं तोंड घेऊन यायच्या, आणि तिघी मिळून त्यातलाच एक सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहायच्या. भाषा कुठलीही असो. बंगाली, मल्याळी, आसामी. खालची इंग्रजी अक्षरं कुणीच वाचत नसे. धुरपदाबाई सांगायच्या, "ही त्याची मोठी भावजय. हिचं जमिनीवरून बिनसलंय. बघ, आता ही बोलणार नाही." आणि ती खरंच बोलायची नाही.

एके संध्याकाळी कमलबाईंनी भाजी वाढताना विषय काढला. "त्या एक्केचाळीस नंबरला तुम्ही कवडी लिहिलीय."

"हो. म्हातारी एस.टी.च्या थांब्यावर बसते. दुसऱ्या मुठीतही म्हातारी बसलेलीच. तिसऱ्या मुठीत तर म्हातारीसुद्धा नाही, नुसता रिकामा थांबा. पाच मिनिटं! धागा आखूड. ओलावा जास्त."

"तो पुन्हा पाहा. सगळा पाहा."

"कमल, शब्द म्हणजे शब्द."

कमलबाईंनी पळी भांड्यात ठेवली. "माझ्या भाजीचंही तसंच," त्या म्हणाल्या. "पस्तीस वर्षं झाली, कडेचं बोटभर चाखता आणि म्हणता मीठ कमी. तळाशी काय असतं, कधी पाहिलंय?" आणि त्या आत निघून गेल्या. योगराजभाऊंनी भाजी चाखली. मीठ खरंच थोडं कमी होतं, पण ते बोलले नाहीत.

जानेवारीचा तिसरा रविवार उजाडला. योगराजभाऊ झब्ब्यात, कमलबाई आणि पुनम नव्या साड्यांत, आणि प्रोजेक्टरची जबाबदारी आपल्याशिवाय कुणाला पेलणार नाही म्हणून अमीनभाई, असे चौघं सकाळच्या गाडीनं धुळ्याला पोचले. सभागृहाच्या दाराशी फळा होता: 'बहात्तर चित्रपटांचे मूल्यमापन. वक्ते: योगराज भारंबे, निवृत्त ग्रेडर.' पेपरातही बातमी आली होती म्हणे. आत दीडशे-पावणेदोनशे माणसं. प्राध्यापक, वकील, डॉक्टर, कॉलेजची मुलं, आणि पहिल्या रांगेत तो भरताच्या पंगतीतला पाहुणा, हाताची घडी घालून.

भाऊंनी पाठवलेला ग्रेडचा तक्ता प्रेमराज सरांनी छापून प्रत्येकाच्या हातात दिला होता. स्वतः मात्र, तुमच्या तोंडून ऐकायचा म्हणून, वाचला नव्हता. भाषण झकास सुरू झालं. नवल सरांचं पहिलं वाक्य भाऊंनी टाकलं, लोकांनी माना डोलावल्या. दुसरं टाकलं, एका बाईंनी लिहून घेतलं. पुनम स्वप्नीलशेजारी बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर 'माझे बाबा' असं स्पष्ट दिसत होतं. भाऊंना वाटलं, निभावलं.

मग प्रेमराज सर उठले. "आजचा सिनेमा मी मुद्दाम निवडलाय," ते म्हणाले. "हा मी अकरा वेळा पाहिला. माझी आई गेली, त्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिला होता. मला एवढा जवळचा दुसरा सिनेमा नाही. पाहू, आमच्या व्याह्यांनी त्याला काय दिलंय. क्रमांक... एक्केचाळीस." त्यांनी चष्मा लावला, तक्त्यावर बोट फिरवलं. बोट थांबलं. "कवडी," त्यांनी वाचलं.

सभागृहात कागद उलटल्याचा आवाज झाला. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यानं हाताची घडी सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवले, चांगलं काही पाहायला मिळणार असेल तर माणूस ठेवतो तसे. पुनमनं खाली पाहिलं.

"काही कारण असेलच," प्रेमराज सर हळूच म्हणाले. त्यांचा आवाज दुखावला होता, आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्न केला म्हणून जास्तच कळला.

"ग्रेड लावली ती लावली," योगराजभाऊ म्हणाले. दुसरं काय म्हणणार? नवल सरांचं तिसरं वाक्य इथे चालणार नव्हतं.

दिवे गेले. सिनेमा सुरू झाला. योगराजभाऊ पहिल्या रांगेत, एका बाजूला कमलबाई, दुसऱ्या बाजूला व्याही. पाच मिनिटं झाली. भाऊंचा अंगठा आपोआप झब्ब्याच्या खिशात गेला. खिशात घरच्या टीव्हीचा रिमोट होता. सवयीनं आला होता. त्यांनी दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. वर खिडकीत अमीनभाई बसले होते, आणि अमीनभाई असताना सिनेमा पुढे पळणं या जन्मात शक्य नव्हतं. मग काय करता? पाहू लागले.

म्हातारीचा मुलगा त्या एस.टी.चा ड्रायव्हर असतो. गाडी गावात दोन मिनिटं थांबते. त्याला उतरायची परवानगी नाही. म्हातारी खिडकीतून डबा देते, तो कालचा धुतलेला रिकामा डबा परत देतो. एवढंच बोलणं, रोज. मग बाहेरून मोठा रस्ता होतो, गाडी गावात येणं बंद होतं. म्हातारी तरी डबा घेऊन रोज येते, बसते, परत जाते. इथे भाऊंची दुसरी मूठ होती. पण त्यानंतर काय होतं, ते कुठल्याच मुठीत आलेलं नव्हतं. एके दिवशी भरलेली गाडी मोठ्या रस्त्यावर थांबते. ड्रायव्हर कंडक्टरकडे पाहतो, कंडक्टर प्रवाशांकडे. एक म्हातारबुवा नुसती मान हलवतात, आणि ती अख्खी एस.टी. गावाच्या अरुंद गल्लीतून रिव्हर्समध्ये आत येऊ लागते. कोंबड्या उडतात, पोरं ओरडतात, बायका दारातून हात करतात, येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या!

सभागृहात मागून कुणीतरी "येऊ द्या" ओरडलंच. योगराजभाऊ खुर्चीच्या कडेला आले होते.

गाडी थांब्याला लागते. बाकावर डबा आहे, म्हातारी नाही. ड्रायव्हर नियम मोडून खाली उतरतो, डबा घेतो, रिकामा डबा खिळ्याला अडकवतो. गाडी जाते. मग तो रिकामा थांबा. तीच पाच मिनिटं. खिळ्यावर डबा हलतोय. हा डबा भाऊंना घरी दिसलाच नव्हता. आता त्यांनी कमलबाईंचा हात घट्ट धरला. "गेली का गं ती?" ते कुजबुजले.

"थांबा की," कमलबाई म्हणाल्या.

इथेच, याच जागी, भाऊंनी घरी पाच मिनिटं पुरी झाली म्हणून बंद केलं होतं. आणि इथून वीस सेकंदांनी पडद्याच्या कडेनं एक सुरकुतलेला ओला हात आला, पदराला पुसला, आणि त्यानं खिळ्यावरचा डबा काढून घेतला.

दिवे लागले तेव्हा निवृत्त ग्रेडर योगराज भारंबे नव्या झब्ब्याच्या बाहीला नाक पुसत होते. झब्बा लांब होता ते बरंच झालं.

कुणी बोलावलं नसताना ते उठून माईकपाशी गेले. "सर," ते म्हणाले, "एक्केचाळीसची ग्रेड बदलायची आहे. सुपर करा." सगळे हसले, टाळ्या वाजू लागल्या. भाऊंनी हात वर केला. "थांबा. अजून आहे. फैजपूरला मी थाप मारली. मी एकही पाहिला नव्हता. नंतरही पाहिले नाहीत. तीन-तीन मुठी घेतल्या, गाडीतून कापूस काढतो तशा. बहात्तरच्या बहात्तर ग्रेड खोट्या आहेत. मघाशी बोललो ती वाक्यंही आमच्या नवल सरांची आहेत. हा आज पाहिला तेवढाच माझा. पुनमचा यात काही दोष नाही. एकतीस वर्षांत शब्द फिरवला नाही, आज फिरवतो."

पुनमच्या डोळ्यांत पाणी होतं. प्रेमराज सर खुर्चीतून अर्धे उठले होते. आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून, अगदी गोड आवाजात, कुणीतरी म्हणालं, "राम राम भाऊ."

योगराजभाऊंनी डोळे मिटले. तो आवाज त्यांनी हजार माणसांत ओळखला असता.

भाईदास पुढे आला. पांढरी टोपी, हातात पिशवी. "पेपरमा तुमनं नाव वाचं, उनू," तो त्याच्या अहिराणीत म्हणाला, म्हणजे नाव वाचून आला होता. "मी काय भांडाले नही उनू. पन भाऊ, मनी गाडीनं काय मंग? ती बी तुम्ही वरतूनच देखी व्हती. रातभर रांगमा उभी व्हती, दव पडनं. वरलाच थर ओला व्हता. खाले बठ्ठा माल कोरडा."

"भाईदास," योगराजभाऊ म्हणाले, "कबूल. पण आता तो कापूस कुठून आणू मी?"

"शे ना," भाईदास म्हणाला. त्यानं पिशवीतून जुनं उपरणं काढलं, गाठ सोडली. आत कापसाची एक मूठ होती. "आमनी घरवालीनी थोडा कापूस देवना वातीसाठे ठेयेल व्हता. म्हने, कवडी म्हनतस तर सारा इकू नका, देवले चाली. दरसाल थोडा-थोडा वापरस. इतलाच उरना."

पावणेदोनशे माणसांसमोर योगराज ग्रेडरनं ती मूठ हातात घेतली. झब्ब्याची बाही वर सारली. कापूस उलटासुलटा केला. अंगठ्यानं धागा ओढला, पुन्हा ओढला. तळव्यात दाबला. वर खिडकीतून अमीनभाईंनी कुणी न सांगता प्रोजेक्टरचा उजेड सोडला. त्या उजेडात भाऊंनी मूठ धरली, फुंकर मारली. कचरा उडाला नाही, कारण नव्हताच. अर्धं मिनिट संपलं, एक मिनिट झालं. या वेळी भाऊंना घाई नव्हती.

"सुपर," ते म्हणाले.

"लिखी द्या," भाईदास म्हणाला.

भाऊंनी वही उघडली. बहात्तर क्रमांकाच्या खाली त्र्याहत्तर घातला. 'भाईदास यांची गाडी. ओलावा: वरचाच. धागा: लांब. ग्रेड: सुपर.' खाली सही केली, तारीख घातली, पान फाडून दिलं. भाईदासनं ते घडी करून टोपीत ठेवलं, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाला, "चाला, मोकळा व्हयनात तुम्ही." मग ज्या टाळ्या वाजल्या, तशा त्या म्हातारीच्या डब्यालाही वाजल्या नव्हत्या. पहिल्या रांगेतला पाहुणा उभा राहून वाजवत होता.

प्रेमराज सरांनी व्याह्यांना मिठी मारली. "अकरा वेळा पाहिला हा सिनेमा," ते म्हणाले. "आज बाराव्यांदा अर्धासुद्धा पाहिला नाही. अंधारात तुमच्या तोंडाकडे पाहत बसलो होतो. आता उरलेले एकाहत्तर इथेच पाहायचे. महिन्यातून एक. सगळा."

"म्हणजे सहा वर्षं," पुनम म्हणाली. ती एकदम हसत होती आणि डोळे पुसत होती.

"माहेरचं माणूस दर महिन्याला घरी येईल, चांगलंच आहे," प्रेमराज सर म्हणाले.

परतीच्या एस.टी.त पारोळ्याच्या पुढे कमलबाईंनी पिशवीतून डबा काढला. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि वांग्याची भाजी, सकाळीच बांधून घेतलेली. मागच्या बाकावरून अमीनभाई मान पुढे काढून पाहू लागले. योगराजभाऊंनी सवयीनं बोट पुढे केलं, कडेच्या भाजीपर्यंत नेलं आणि मागे घेतलं. मग भाकरी मोडली आणि जेवायला लागले. पहिला घास झाला, दुसरा झाला. कमलबाई खिडकीतून बाहेर पाहत होत्या, पण कान इकडे होते. भाऊंनी डबा तळापर्यंत पुसून खाल्ला, बाटलीतल्या पाण्यानं विसळला, पंच्यानं कोरडा केला आणि तो रिकामा डबा त्यांच्या हातात दिला.

"मग?" कमलबाईंनी विचारलं.

"मीठ बरोबर आहे," योगराजभाऊ म्हणाले. "पस्तीस वर्षं तळाशी होतं."